दान तुकोबांचं, चूल जिजाबाईंची

तुकाराम महाराजांना आपण सगळ्या ‘तुकोबा’ म्हणतो, अहोजाहो करतो. त्यांच्या बायकोला मात्र सरसकट ‘आवली’ म्हणून मोकळ्या होतो. तिचा उल्लेख अगं-तुगंनेच! कीर्तनात आवलीचा कजागपणा रंगवून सांगितला की मंडप हसतो, आणि मैत्रिणींनो, त्यात आपणही असतो. त्यांचं सासरचं नाव जिजाबाई. आज तुकोबांचं चरित्र सांगताना मी त्यांनाही मानानंच हाक मारणार आहे.

तुकोबांचा जन्म देहूचा. साल १६०८ असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. वडील बोल्होबा, आई कनकाई. घर खाऊनपिऊन सुखी. शेती, दुकान, सावकारी आणि गावच्या बाजाराची महाजनकी. घराण्यात विठोबाची भक्ती पिढ्यान्‌पिढ्यांची, देवळही घरचंच. थोरले बंधू सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. पहिली बायको रखमाबाई दम्यानं आजारी असायच्या, म्हणून पुण्याच्या गुळवे सावकारांची मुलगी दुसरी सून म्हणून घरात आली. त्याच या जिजाबाई. माहेर पैशाचं, सासरही भरलेलं. कुणाही आईबापाला वाटावं, लेकीनं नशीब काढलं!

पण दिवस फिरले. तुकोबा सतरा-अठरा वर्षांचे असताना आई-वडील गेले. भावजय वारली आणि सावजी विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेले. विशीच्या आतच सगळं घर तुकोबांच्या खांद्यावर आलं. पाठोपाठ १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. गुरंढोरं गेली, व्यापार बसला, दिवाळं निघालं. रखमाबाई अन्नासाठी तडफडून गेल्या, मुलगा संतूही गेला. ज्या घरानं गावाला उसनं धान्य दिलं, त्याच घरात भुकेनं माणूस मेलं. ही जखम तुकोबांनी आपल्या अभंगांतही लपवलेली नाही.

अशा वेळी माणूस काय करतो? आपण काय केलं असतं? कुणाकडे किती येणं आहे ते कपाटातून काढून पाहिलं असतं. तुकोबांनीही कर्जखतं बाहेर काढली. पण परंपरा सांगते, की त्यांनी त्यांचे दोन वाटे केले. अर्धी खतं कान्होबांना दिली, कारण भावाच्या हक्काचं दान आपण कसं करायचं? आपला वाटा मात्र इंद्रायणीत सोडून दिला. मला यात त्या दोन वाट्यांचं फार अप्रूप वाटतं. दुष्काळानं फक्त सावकाराचं घर बुडत नाही, कुळंही बुडतात. त्यांच्या जमिनी, बैल त्या कागदांत अडकलेले होते. ते मोकळे झाले. देवळाची पडझड झाली होती, तीही तुकोबांनी दुरुस्त केली. मग भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात चिंतन, आणि त्यातून अभंग. आज गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. हेही एक दानच, अजून पुरून उरतंय.

आता जरा स्वयंपाकघरात डोकावू या. नदीत सोडलेल्या कागदांतला भावाचा वाटा वेगळा काढला गेला, पण बायकोचा? तो कुणाच्या मनातही आला नसेल, त्या काळात येणारही नव्हता. महिपतींनी अठराव्या शतकात संतचरित्रं लिहिली, त्यांत जिजाबाईंच्या कितीतरी कथा आहेत. त्यांनी स्वतःच्या नावावर कर्ज काढून नवऱ्याला धंद्याला भांडवल दिलं. तुकोबांनी नफाही कमावला, पण परतताना वाटेत एक गांजलेला माणूस भेटला आणि सगळे पैसे त्याच्या हातावर ठेवून ते रिकाम्या हातांनी घरी आले. एकदा तर जिजाबाईंचं लुगडंच दारी आलेल्या गरीब बाईला देऊन टाकलं! या कथा अक्षरशः घडल्या की नाही, ते बाजूला ठेवू. पण सांगणाऱ्यांनाही एवढं ठाऊक होतं, की या दानाची झळ कुणाला तरी बसत होती.

जिजाबाई भांडल्या, विठोबालाही त्यांनी सोडलं नाही. पण भाकरीचं फडकं घेऊन भंडाऱ्याचा डोंगर त्याच चढायच्या. नवरा जेवल्याशिवाय त्या जेवत नसत, असं सांगतात. तोंडानं शिव्या आणि हातानं सेवा! ही भक्ती नाही तर काय? त्यांच्या पायात काटा रुतला तेव्हा विठोबानंच तो काढला, ही कथा लोकांनी उगाच नाही जपली. २०१७ साली आलेलं ‘संगीत देवबाभळी’ नाटक त्याच काट्यावर उभं आहे.

१६५० साली तुकोबा गेले, तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या. पदरात मुलं, हाताशी काही नाही. त्या पोटातल्या बाळानं, नारायण महाराजांनी, पुढे १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीला नेण्याची प्रथा सुरू केली. आज लाखो वारकरी ज्या पालखीमागे चालतात, ती जिजाबाईंच्या लेकानं उचलली.

म्हणून मी तुकोबांना दोष देत नाही. स्वतःची भूक विसरून दुसऱ्याची ओळखणारा माणूस विरळाच. एवढंच वाटतं, की दान दोघांचं होतं. त्यांनी ते हसत दिलं, त्यांनी कुरकुरत दिलं. आपल्या घरातही देवळाला वर्गणी जाते, अडल्यानडल्याला मदत होते, पावती त्यांच्या नावाची फाटते आणि त्या महिन्याचा किराणा आपण कसाबसा ओढतो. देणं थांबवू नका. पण पुढच्या वेळी देण्याआधी दोघांनी बसून बोला. आणि कीर्तनात आवलीवर हशा पिकला, तर आपण तरी हसायला नको.