ग्रंथावर नाव नसलेले मुद्रक : योहान्नेस गुटेनबर्ग

जर्मनीतील माइन्झ नगरात सुमारे १४०० साली योहान्नेस गुटेनबर्ग यांचा जन्म झाला. धातूचे सुटे खिळे जुळवून लॅटिन बायबल छापण्याचे त्यांचे काम १४५५ च्या सुमारास पूर्णत्वास गेले. त्याच वर्षी भांडवल पुरविणारे योहान फुस्ट यांनी कर्जवसुलीचा दावा लावला. ८०० गिल्डरची दोन कर्जे होती. निकाल मुख्यतः फुस्ट यांच्या बाजूने लागला. १४५७ च्या स्तोत्रग्रंथावर फुस्ट आणि पेटर शोफर यांची नावे छापली गेली. गुटेनबर्ग यांचे नाव मात्र कोणत्याही ग्रंथावर नाही.

मग त्यांच्या श्रमाची साक्ष कोण देतो? त्यांचे बायबलच देते. त्याच्या आरंभीच्या पानांवर ४० ओळी आहेत, पुढे ४१ आणि नंतर ४२. लाल शीर्षके पहिल्या काही पानांवरच छापलेली आहेत. पुढे ती हाताने लिहिली गेली. काही प्रतींत सुरुवातीची पाने पुन्हा जुळवलेली आढळतात, म्हणजे काम चालू असतानाच प्रतींची संख्या वाढविली गेली. समासातील बारीक छिद्रे कागद नेमका बसविण्याची रीत दाखवितात. शाईच्या तपासणीत तांबे व शिसे आढळले.

१४६५ मध्ये आर्चबिशपांनी त्यांना धान्य, मद्य आणि वस्त्रे देऊ केली. १४६८ मध्ये त्यांचे निधन झाले. इतिहास शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना हेच सांगतो, की नाव पुसले गेले तरी श्रमाच्या खुणा उरतात. त्या वाचायला शिकले पाहिजे.