वीज पाडणारे प्रोफेसर

सेकंड इयरला ए.सी. सर्किटची गणितं करताना उणे एकचं वर्गमूळ, म्हणजे आपला लाडका ‘जे’, कुणी आपल्या मानगुटीवर बसवला, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. उत्तर मिळालं – चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ! हिस्टेरिसिस लॉसच्या सूत्रातला १.६ हा घातांकही त्यांचाच. पण मला हा माणूस आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी.

९ एप्रिल १८६५ ला ब्रेस्लाऊ इथे त्यांचा जन्म झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. पाठीला जन्मतः कुबड, उंची जेमतेम चार फुटांच्या आसपास. ‘प्रोटियस’ हे तर कॉलेजातल्या मित्रांनी ठेवलेलं टोपणनाव. समाजवादी चळवळीत पडल्यामुळे पोलीस मागे लागले आणि १८८८ मध्ये पदवी न घेताच देश सोडावा लागला. १८८९ मध्ये अमेरिकेच्या बंदरावरचे अधिकारी त्यांची अवस्था बघून परत पाठवायच्या बेतात होते. सोबतच्या मित्राने हमी घेतली म्हणून आत शिरता आलं.

पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत त्यांनी ‘जे’ची पद्धत मांडली. मग ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये दाखल झाले आणि स्केनेक्टडी गावचेच होऊन गेले. तिथल्या युनियन कॉलेजात ते शिकवायचेसुद्धा.

त्या काळात लाइन्स लांब होत चालल्या होत्या आणि त्यांवर विजा पडत होत्या. बचावासाठी लायटनिंग अरेस्टर होता. त्याने एरवी गप्प बसायचं, वीज पडली की तिला जमिनीत वाट करून द्यायची आणि लगेच पुन्हा बंद व्हायचं. पण तो ऐनवेळी हे करेल याची खात्री काय? प्रत्येक वेळी वादळाची वाट बघत बसायचं? आणि तो फसला तर ट्रान्सफॉर्मर गेलाच म्हणून समजा.

एकदा त्यांच्या नदीकाठच्या झोपडीवरच वीज पडली, आरशाचा चक्काचूर झाला. या गृहस्थांनी तुकडे गोळा केले, जुळवले आणि वीज कुठून कशी गेली याचा अभ्यास सुरू केला!

१९२२ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेतच वीज पाडली. युक्ती अशी की कपॅसिटर सावकाश चार्ज करायचे आणि सगळा चार्ज एका झटक्यात सोडायचा. १,२०,००० व्होल्ट, १०,००० अँपिअर, वेळ सेकंदाचा सुमारे एक लक्षांश. ढोबळ गुणाकार केला तर १२० कोटी वॉट होतात. पण ऊर्जा किती? ६० वॉटचा दिवा तीन-साडेतीन मिनिटं जळेल एवढीच. आता अरेस्टरची परीक्षा हवी तेव्हा घेता येणार होती. पुढच्याच वर्षी, २६ ऑक्टोबर १९२३ ला, ते गेले.

आजही सबस्टेशनच्या अनेक अरेस्टरना १०,००० अँपिअरचाच इम्पल्स देऊन तपासतात. सर्किट ब्रेकरमधूनही प्रायमरी इंजेक्शन सेटने खरोखरचा मोठा करंट सोडून तो किती वेळात ट्रिप होतो ते बघतात. नेमप्लेट वाचून कुणी पास करत नाही.

आपल्यातले बरेच जण उद्या साइटवर जातील. तिथे टेस्ट रिपोर्टवर सही करण्याआधी टेस्ट खरंच झाली का, एवढं जरूर विचारा. कारण त्या सहीच्या भरवशावर कुणीतरी लाइनमन खांबावर चढलेला असतो.