दोराबजी टाटा : जमाखर्चाची दोन पाने

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या शिवेवरून भीमा वाहते आणि रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा तिला येऊन मिळते. पुण्याकडून येणाऱ्या या पाण्यावर दोन्ही काठांवरची शेती आणि कितीतरी संसार उभे आहेत. परंतु मुळेच्या वरच्या खोऱ्यातील, म्हणजे मुळशीचे, बरेचसे पाणी या संगमापर्यंत पोहोचतच नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले ते पाणी पश्चिमेस कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडले जाते आणि तेथून समुद्राकडे जाते. ज्यांच्या कारकिर्दीत ही योजना पुरी झाली, त्याच गृहस्थांनी अनवाणी धावणाऱ्या शेतकरी मुलांना ऑलिंपिकच्या मैदानावर नेऊन उभे केले. ते गृहस्थ म्हणजे सर दोराबजी टाटा. पोलादाचे कारखानदार म्हणून त्यांची कीर्ती आहेच. पण भारतीय क्रीडाक्षेत्रात भांडवल घालणारे मोठे धनिक म्हणून त्यांच्या चरित्राकडे पाहिले, तर आजही उपयोगी पडतील असे काही धडे हाती लागतात.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. जमशेटजी टाटांचे हे थोरले चिरंजीव. पुढील शिक्षणासाठी ते विलायतेस गेले आणि १८७७ साली केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. तेथील दोन वर्षांत त्यांनी क्रिकेट आणि फुटबॉल या खेळांत नाव मिळविले. टेनिस, नौकानयन आणि घोडेस्वारी यांचाही त्यांना नाद होता. १८७९ साली मायदेशी परतल्यावर १८८२ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यानंतर सुमारे दोन वर्षे त्यांनी ‘बॉम्बे गॅझेट’ या वृत्तपत्रात उमेदवारी केली आणि १८८४ पासून ते वडिलांच्या कापडधंद्यात शिरले. १८९७ साली त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. मेहेरबाई या अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांच्या आत्या. त्या साडी नेसून टेनिसच्या मैदानात उतरत आणि बक्षिसे जिंकीत. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती.

१९०४ साली जमशेटजी निवर्तले, तेव्हा पोलादाचा कारखाना, जलविद्युत आणि विज्ञानसंस्था ही त्यांची तिन्ही स्वप्ने अपुरीच होती. ती पुरी करण्याचा भार प्रामुख्याने दोराबजींवर पडला. १९०७ साली पोलाद कंपनी स्थापन झाली आणि १९१२ साली साकची येथे पोलाद तयार होऊ लागले. बंगलोरची विज्ञानसंस्था १९११ साली सुरू झाली. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे १९२४ साली पोलाद कंपनी बुडण्याच्या बेतात आली, तेव्हा एक कोटी रुपयांचे कर्ज उभे करण्यासाठी दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता आणि मेहेरबाईंचे जडजवाहीरही इंपीरियल बँकेकडे तारण ठेवले. धंद्यात स्वतःचे सर्वस्व पणाला लावणारा हा उद्योगपती होता, हे नाकबूल करता येणार नाही.

क्रीडाक्षेत्राशी त्यांचा खरा संबंध जुळला तो पुण्यात. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते. पहिले महायुद्ध संपल्यानंतर जिमखान्याने भरविलेल्या शर्यतींत धावणारे बहुतेक स्पर्धक शेतकरी वर्गातील होते. ते अनवाणी धावत होते. त्यांना शास्त्रोक्त शिक्षण मिळालेले नव्हते आणि शर्यतीचे आंतरराष्ट्रीय नियमही ठाऊक नव्हते. तरीही त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या जवळपास येते, हे दोराबजींच्या जाणत्या नजरेने हेरले. मुंबईचे गव्हर्नर लॉईड त्या प्रसंगी उपस्थित होते. त्यांच्या पाठिंब्याने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठविण्याचा बेत ठरला. खर्चाचा काही भाग सरकारी मदतीतून व लोकवर्गणीतून आला आणि दोराबजींनी स्वतःचीही थैली सैल केली.

त्या चमूत सहा खेळाडू होते. फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे धावपटू, तर कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल. बेळगावच्या चौगुल्यांनी मॅरेथॉन दोन तास पन्नास मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. शिंदे कुस्तीत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. पदक एकही आले नाही. व्यापाराच्या हिशेबाने पाहिले, तर हा व्यवहार निव्वळ तोट्याचा होता.

परंतु दोराबजींनी तेथेच हात आखडता घेतला नाही. त्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले भारतीय सदस्य झाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी गेलेल्या संघाचाही मोठा आर्थिक भार त्यांनी उचलला. मात्र एका धनिकाच्या खिशावर देशाचा खेळ फार काळ चालत नाही, याची त्यांना जाणीव असावी. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी त्यांनी ते सोडले व पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग त्या जागी आले. दात्याची जागा संस्थेने घेतली. दोराबजींच्या क्रीडाकार्याचे मर्म पदकांपेक्षा या घटनेत आहे.

अर्थात संस्था स्थापन झाली म्हणजे गरीब खेळाडूची विवंचना संपली, असे मात्र नव्हे. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना गावोगाव वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर त्यांच्यासाठी आपले घर गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. म्हणजे अँटवर्पनंतर बत्तीस वर्षांनीही शेतकऱ्याच्या मुलाचे नशीब कुणा एकाच्या औदार्यावरच अवलंबून होते.

हे झाले जमाखर्चाचे एक पान. दुसरे पान मुळशीचे आहे. ज्या वर्षांत पुण्याच्या मैदानावर शेतकऱ्यांच्या मुलांचे कौतुक चालले होते, त्याच सुमारास त्याच जिल्ह्याच्या पश्चिम भागात टाटांच्या वीज कंपनीसाठी सुमारे पन्नास गावांची जमीन सरकारी कायद्याच्या बळावर घेतली जात होती. १६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमीच्या मुहूर्तावर मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचे नेतृत्व केले. मावळ्यांनी मार खाल्ला, तुरुंगवास सोसला. बापटांना तर दीर्घ कारावास भोगावा लागला. सुमारे तीन वर्षांनी लढा मावळला. धरण पुरे झाले, मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज मिळाली आणि मावळचा भात पाण्याखाली गेला.

या दोन पानांपैकी एकच वाचून दोराबजींना देवमाणूस किंवा निर्दय भांडवलदार ठरविणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. विजेची गरज खरी होती, तशीच मावळ्यांची भाकरीही खरी होती. फरक एवढाच की, धावणाऱ्या शेतकऱ्यासाठी दोराबजींनी एक संस्था उभी राहू दिली; उठणाऱ्या शेतकऱ्यासाठी मात्र अशी कोणतीही संस्था त्या काळी नव्हती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, म्हणजे सत्याग्रहानंतर पंचावन्न वर्षांनी.

१९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्या वर्षी दोराबजींनी आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली आणि ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. त्या निधीतून १९३६ साली मुंबईत सामाजिक शास्त्रांची संस्था आणि १९४१ साली कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले. येथेही तीच रीत दिसते : माणूस गेला, संस्था उरली.

शिरूर-दौंडच्या गावोगावी जत्रेच्या कुस्त्यांना इनाम लावणाऱ्या दात्यांची वाण नाही. इनाम एका संध्याकाळी वाटले जाते आणि फलकावरचे नाव पुढच्या जत्रेपर्यंत टिकते. त्याच पैशातून शाळेचे मैदान, तालमीतील वस्ताद आणि होतकरू मुलाचा खुराक यांची कायमची तरतूद झाली, तर खाशाबांसारखी पाळी पुन्हा कुणावर येणार नाही. मात्र मैदानासाठी देणगी घेताना ती कोणत्या धंद्यातून आली आणि तिची किंमत कुणाच्या शेताने मोजली, हे विचारण्याचा हक्कही गावाने सोडता कामा नये. दोराबजींच्या चरित्राची दोन्ही पाने विद्यार्थ्यांपुढे ठेवायची ती याचसाठी.