आगाऊ मुलीची गोष्ट

मॅच जिंकल्यावर छाती ठोकणारा मुलगा आपल्याला कॉन्फिडंट वाटतो. तेच एखाद्या मुलीने केलं की ती आगाऊ! कॉलेजच्या ग्राउंडवर हे तुम्ही ऐकलं असेल, कदाचित स्वतः म्हटलंही असेल. म्हणूनच आज भेटा बेब डिड्रिकसनला. ऑलिम्पिकपासून गोल्फपर्यंत सगळीकडे जिंकलेली आणि आगाऊपणातही कुणाला हार न जाणारी!

१९११ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात तिचा जन्म झाला. खरं नाव मिल्ड्रेड. आईवडील नॉर्वेहून आलेले, वडील सुतारकाम करायचे, घरात सात भावंडं आणि पैसा बेताचा. लहानपणी ती मुलांबरोबर बेसबॉल खेळायची. स्टार खेळाडू बेब रूथसारखे लांब फटके मारते म्हणून आपलं नाव बेब पडलं, असं ती स्वतःच सांगत फिरायची. स्वतःचं वय दोन-तीन वर्षं कमी सांगायची सवयही तिला होती. तिचा बास्केटबॉल बघून डॅलसच्या एका विमा कंपनीने तिला नोकरी दिली. टायपिंगपेक्षा कंपनीच्या टीमसाठी!

१९३२ मध्ये शिकागोजवळ अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा होती. तिथूनच ऑलिम्पिकची टीम निवडली जाणार होती. कंपनीने अख्खी टीम म्हणून एकट्या बेबला पाठवलं. एका दुपारी ती आठ प्रकारांत उतरली, पाच जिंकली, एकात बरोबरीने पहिली आली. तिचे गुण ३०. दुसऱ्या आलेल्या क्लबच्या २२ मुली होत्या आणि त्यांचे सगळ्यांचे मिळून गुण २२!

त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये मुलींना तीनच वैयक्तिक प्रकारांत उतरता यायचं. बेबने भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत सुवर्ण मिळवलं. उंच उडीत ती आणि टीमची कॅप्टन जीन शायली दोघींनी सारखीच उंची पार केली, पण बेबची उडी नियमात बसत नाही असं पंचांनी ठरवलं. तिला रौप्य मिळालं. टीममधल्या मुलींना मात्र त्याचं फार वाईट वाटलं नाही. कारण प्रवासभर तिने आपल्याच कौतुकाने त्यांचं डोकं खाल्लं होतं.

इथे थोडं थांबा. मुलींचा राग समजण्यासारखा आहे, कारण टीममध्ये राहून सतत मी-मी करणं कुणालाच आवडत नाही. पण पेपरवाल्यांनी जे केलं ते वेगळं होतं. ते तिच्या वागण्यापेक्षा तिच्या शरीरावर घसरले. स्नायू, छोटे केस, चेहरा, सगळ्याची टिंगल झाली. ही बाई तरी आहे का, इथपर्यंत मजल गेली. ज्याचं नाव ती मिरवायची तो बेब रूथही काही नम्र नव्हता. त्याचा तोरा लोकांनी डोक्यावर घेतला.

बेब बदलली. गोल्फकडे वळल्यावर तिने केस वाढवले, फ्रॉक घातले, लिपस्टिक लावली. १९३८ मध्ये जॉर्ज झहारियास या कुस्तीगिराशी लग्न केलं. मग तेच पेपर तिचं कौतुक छापू लागले. खेळ तोच, फक्त कपडे बदलले. याला मॅच्युरिटी म्हणायचं का? मला तरी ते दडपणापुढे वाकणं वाटतं.

मॅच्युरिटी दिसली ती पुढे. १९४७ मध्ये ब्रिटिश महिला अमॅच्युअर स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन ठरली. १९५० मध्ये १३ जणींनी मिळून महिला व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना काढली, त्यात बेब होती. एकटीने अख्ख्या टीमला हरवणारी मुलगी आता इतर मुलींना खेळून पैसे मिळावेत म्हणून झटत होती.

१९५३ मध्ये तिला आतड्याचा कॅन्सर झाला. त्या काळी हा शब्द लोक कुजबुजत उच्चारायचे. तिने तो लपवला नाही, उलट कॅन्सरसाठी निधी जमवायला मदत केली. ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लावून ती खेळली आणि १९५४ ची यूएस विमेन्स ओपन १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली. १९५६ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी ती गेली. बढाया मारणं तिने शेवटपर्यंत सोडलं नाही, हेही खरं.

तर पुढच्या वेळी ग्राउंडवर कुणी मुलगी जोरात ओरडून पॉइंट सेलिब्रेट करेल, तेव्हा एकच करा. तिच्या जागी मुलगा असता तर आपण काय म्हटलं असतं, ते आठवा. आणि तुम्हीच ती मुलगी असाल, तर ओरडा बिनधास्त. फक्त पास देणाऱ्या मैत्रिणीचं नावही घ्या!