फिशरसाहेबांचा पाइप

विडी-सिगारेटचा विषय निघाला, की नव्वदीपर्यंत विडी ओढणाऱ्या कुणा आजोबांचा दाखला निघतोच. आमच्याकडे तो माझे वडील देत. सारे काही रक्तात असते, असे त्यांचे मत. पुढे संख्याशास्त्र शिकताना या मताचे फार मोठे वकील मला पुस्तकात भेटले : सर रोनाल्ड फिशर.

फिशर १८९० साली लंडनमध्ये जन्मले. दृष्टी अधू. दिव्याखाली वाचायची मनाई, म्हणून मनातल्या मनात गणिते सोडवायची सवय लागली. १९१९ मध्ये ते रॉथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात दाखल झाले. प्रयोगाचे वाफे कसे आखावेत, पिकात दिसलेला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवण्याची रीत त्यांनी जगाला दिली. डार्विन आणि मेंडेल यांची सांगड घालणाऱ्यांतही ते अग्रणी. महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या संस्थेत ते अनेकदा येऊन गेले.

१९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवले. फिशर स्वतः पाइप ओढत. १९५७ पासून ते या निष्कर्षाविरुद्ध उभे राहिले. सिगारेटची ओढ आणि कर्करोग दोन्ही एकाच आनुवंशिक घडणीतून येत असतील, असा त्यांचा मुद्दा. एकसारख्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी अधिक जुळतात, हा पुरावा. तंबाखू उत्पादकांचे ते सल्लागारही होते.

१९५९ मध्ये अमेरिकेतील कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले. धूम्रपान करणाऱ्यांत रोग नऊपट दिसत असेल आणि दोष छुप्या जनुकाचा असेल, तर ते जनुकही त्यांच्यात निदान नऊपट आढळायला हवे. तसे काही कुणाला दाखवता आले नाही. १९६२ मध्ये, आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर, फिशर ऑस्ट्रेलियात ॲडलेडला वारले.

२००८ मध्ये मात्र पंधराव्या गुणसूत्रावर असा एक फरक सापडला. तो ज्यांच्यात असतो ते जास्त सिगारेटी ओढतात. त्याच्या प्रत्येक प्रतीमागे कर्करोगाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. पण सिगारेटला कधीच न शिवलेल्यांत हा धोका स्पष्ट दिसत नाही. सिगारेट स्वतः तो दहा-वीसपट वाढवते. म्हणजे फिशर यांचे जनुक होते, पण ते मुख्यतः धुराच्या वाटेनेच घात करते.

वडील फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. आजोबांचेच रक्त त्यांच्यात होते. तेच माझ्यात आहे, माझ्या मुलातही आहे. ते बदलता येत नाही. म्हणून घरात काडेपेटी फक्त देवापुढे आणि स्वयंपाकघरात ठेवली आहे.