बीबी तीती मोहम्मद : टांगानिकाच्या स्वातंत्र्यलढ्याचा आवाज

टांझानियाच्या स्वातंत्र्याचा इतिहास ज्यूलियस न्येरेरे यांच्या नावाने सांगितला जातो. मात्र त्यांच्या सभांना हजारो स्त्रियांना आणून उभे करणारी व्यक्ती होती बीबी तीती मोहम्मद.

तीती यांचा जन्म १९२६ साली दार-ए-सलाम येथे एका मुस्लिम कुटुंबात झाला. शिक्षण प्राथमिक शाळेच्या चार इयत्तांपलीकडे गेले नाही आणि विवाहही अल्पवयातच झाला. परंतु त्यांना कंठाची देणगी लाभली होती. ढोलाच्या तालावर गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांची ‘न्गोमा’ मंडळे त्या काळी शहरात ठिकठिकाणी होती. अशाच एका मंडळाच्या त्या प्रमुख गायिका होत्या.

१९५४ साली ‘टानू’ पक्षाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी पक्षाचा महिला विभाग निघाला आणि त्याचे नेतृत्व तीती यांच्याकडे आले. त्या थेट न्गोमा मंडळांकडे गेल्या. या मंडळांत निरनिराळ्या जमातींच्या स्त्रिया एकत्र येत, साऱ्यांची भाषा स्वाहिली असे आणि प्रत्येक मंडळाला स्वतःची प्रमुख असे. ती प्रमुख पटली की सारे मंडळ पक्षात येई. शिवाय सरकारी नोकरांना पक्षाचे सभासदत्व निषिद्ध होते. घरगुती मद्य वा तांदळाचे गोड वडे विकून संसार चालविणाऱ्या स्त्रियांना ते भय नव्हते. काही महिन्यांतच सुमारे ५,००० स्त्रिया सभासद झाल्या.

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. तीती रुफिजीच्या खासदार, उपमंत्री आणि १९६२ पासून राष्ट्रीय महिला संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. तथापि राज्यकारभाराची भाषा अजून इंग्रजीच होती आणि नव्या सत्तेत शिकलेल्यांचे वजन वाढत होते. १९६५ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. १९६७ च्या अरुशा घोषणेने नेत्यांना घरे भाड्याने देण्यास मनाई केली. तीती यांची अशी घरे होती. ज्या स्त्रीपाशी ना पदवी ना नोकरी, तिला भाड्याचे उत्पन्न हाच उतारवयाचा आधार. समतेच्या धोरणात या वस्तुस्थितीला जागा नव्हती. तीती यांनी घरे राखली आणि पक्षातील पद सोडले.

खरा आघात पुढे होता. सरकार उलथविण्याच्या कटाच्या आरोपाखाली १९६९ साली त्यांना अटक झाली. त्यांनी आरोप नाकारला, तरीही जन्मठेपेची शिक्षा झाली. तुरुंगात असतानाच पतीने त्यांना तलाक दिला. १९७२ साली न्येरेरे यांनी त्यांची मुक्तता केली, पण सार्वजनिक जीवनाची दारे बंदच राहिली. जुने सहकारी दुरावले आणि स्वातंत्र्याच्या अधिकृत कथनातून त्यांचे नाव जणू पुसले गेले. १९९१ साली, स्वातंत्र्याच्या तिसाव्या वर्षी, देशाने पुन्हा त्यांचा गौरव केला. ५ नोव्हेंबर २००० रोजी जोहान्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

दार-ए-सलामच्या मध्यवर्ती भागातील एका हमरस्त्याला आज त्यांचे नाव आहे. भारतीयांची जुनी वस्ती असलेले उपांगा आणि किसुटू हे भाग तेथून जवळच असल्याने आपल्यापैकी अनेकांची त्या रस्त्यावरून ये-जा असते. चार इयत्ता शिकलेल्या ज्या स्त्रीने एका राष्ट्राला त्याची माणसे मिळवून दिली, तिला त्याच राष्ट्राने कारावास दाखविला आणि दीर्घकाळ विस्मृतीत ठेवले. रस्त्याच्या फलकावर एवढे सारे मावत नाही. म्हणून ते सांगत राहिले पाहिजे.