कै. ताराबाई मोडक

ताराबाईंचा जन्म मुंबईचा, १८९२ सालचा. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून १९४५ साली त्या बोर्डीस आल्या. गोरगरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी!

पुढे कोसबाडला वारली आईबाप मजुरीस जात व थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन घरी राही. ती शाळेत कशी यावी? बाईंनी पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र केली. भावंड पाळण्यात, ताई वर्गात. मला तर हेच बाईंचे सर्वांत मोठे काम वाटते.

१९७३ साली त्या गेल्या. १९७५ साली सरकारने बालविकास योजनेत अंगणवाडी घेतली, पाळणाघर मात्र त्यात आले नाही. अंगणवाडी दुपारीच सुटे. मजुरीला गेलेली आई परते दिवेलागणीला. अंगणवाडीला पाळणाघर जोडायची सरकारची पाळणा योजना आली ती २०२२ साली.